गडगा आणि धक्का

माझं माहेर कोकणातलं. मुलीकडे बॉस्टनजवळ गेले, तेव्हा रानातल्या त्या रचीव दगडी भिंती पाहून आपसूक तोंडातून निघालं, "अगो, हा तर आपला गडगा!" शेतातून निघालेले दगड पिढ्यान् पिढ्या बांधावर रचलेले. हिवाळ्यात जमीन गोठते आणि नवे दगड वर ढकलते. उन्हाळा तोकडा. अशा मातीत पोटापुरतं पिकायचं. नगदी पिकाचं नाव नको.

१६३० साली इथे उतरलेल्या प्युरिटनांना इंग्लंडचं चर्च पुरेसं शुद्ध वाटत नव्हतं. बरेचजण बायकापोरांसकट आले. कुठे कुठे तर पाद्र्यामागून शेजारपाजारच उठून आला. मधे सभाघर, भोवती घरं, सामाईक कुरण. आपल्या देशावरच्या गावठाणासारखीच वस्ती. बायबल वाचता यावं म्हणून १६४७ च्या कायद्याने ५० घरांच्या गावाला शिक्षक नेमणं भाग पडलं. मी शिक्षिका, मला याचं कौतुक. पण याच बॉस्टनने १६६० मध्ये मेरी डायरला फाशी दिलं. गुन्हा काय, तर ती क्वेकर पंथाची आणि हद्दपार करूनही परत आली.

दक्षिणेला व्हर्जिनियात गोष्टच वेगळी. १६०७ मध्ये जेम्सटाउनला उतरले ते एका व्यापारी कंपनीने नफ्यासाठी धाडलेले पुरुष आणि पोरगे. पाणी मचूळ, भोवती दलदल. १६०९-१० च्या हिवाळ्यातून काही शे माणसांपैकी साठेकच वाचली. पुढे जॉन रॉल्फने तंबाखू लावली आणि सगळे तिच्यामागे लागले. तंबाखू तीन-चार वर्षांत जमिनीचा कस खाते, की चला पुढच्या जमिनीवर. नद्या इतक्या खोल, की लंडनचं जहाज थेट मळेवाल्याच्या धक्क्याला लागायचं. मग बाजारपेठ कशाला आणि गाव तरी कशाला? देव तिथेही होता. चर्चला न जाणं गुन्हाच होता. पण एकेक पॅरिश, म्हणजे एका चर्चचा इलाखा, नदीकाठाने मैलोन्मैल पसरलेला, शाळा काढायची ती कुठे? राबायला करारावर आणलेले गरीब इंग्रज, आणि १६१९ पासून धरून आणलेले आफ्रिकन.

दोन वसाहतींमधला हा सगळा फरक धर्माच्या खाती मांडावा, असं मला वाटत होतं. मग प्रॉव्हिडन्स बेटाबद्दल वाचलं. निकाराग्वासमोरच्या समुद्रातलं हे बेट १६३० सालीच प्युरिटनांनी वसवलं. तोच पंथ, तेच बायबल. हवा मात्र उष्ण, तंबाखू-कापसाला मानवणारी. काही वर्षांतच तिथे गुलाम राबू लागले आणि १६३८ मध्ये त्यांनी बंड केलं.