पहिल्या आवृत्तीचे मोल

सुरतेचे गुजराती कवी नर्मद यांनी १८६६ साली ‘मारी हकीकत’ हे आत्मचरित्र छापविले. परंतु त्या पहिल्या आवृत्तीच्या प्रती काढल्या त्या स्वतःपुरत्या व निवडक स्नेह्यांपुरत्या. सर्वसामान्य वाचकांच्या हाती ते पडले १९३३ मध्ये, कवींच्या निधनानंतर ४७ वर्षांनी.

अमेरिकेत निराळेच घडले. मेल्व्हिल यांच्या ‘मोबी डिक’ कादंबरीची १८५१ ची आवृत्ती फारशी खपली नाही. १८५३ च्या आगीत प्रकाशकाकडील शिल्लक प्रतीही जळाल्या. आज तिच्यासाठी संग्राहक मोठी किंमत मोजतात.

ग्रंथ दुर्मिळ होतो तो असा: कधी लेखकाच्या संकोचाने, कधी वाचकांच्या उदासीनतेने. म्हणून, प्रिय वाचकहो, वडिलांच्या पेटीतील जुने पुस्तक रद्दीत घालण्यापूर्वी त्याचे पहिले पान अवश्य उघडून पाहावे.