अग्निशमन जवानांचा सूट: पीएफएएस रसायनांपासून काळजी कशी घ्यावी?

पाणी व तेल आत शिरू नये म्हणून अग्निशमन सूटच्या कापडात अनेकदा ‘पीएफएएस’ रसायने वापरतात. त्यांपैकी ‘पीएफओए’मुळे कर्करोग होतो, असे जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०२३ मध्ये जाहीर केले. आता या रसायनांशिवायही सूट तयार होत आहेत.

निधी कोणाला?
केंद्राने २०२३ मध्ये अग्निशमन सेवांच्या आधुनिकीकरणासाठी ५,००० कोटी रुपयांची योजना जाहीर केली. हा निधी राज्यांना मिळतो, जवानाच्या खात्यात जमा होत नाही.

तुम्ही काय करावे?
• नवीन सूट ‘पीएफएएसमुक्त’ मागवावेत, अशी लेखी विनंती आपल्या अधिकाऱ्यांकडे करा.
• वापरलेला सूट घरी नेऊ नका, घरच्या कपड्यांत धुऊ नका.
• जुना सूट असला तरी त्याशिवाय आगीत जाऊ नका.