मुरुडच्या शिवारातले उंदीर आणि त्यांचे वैरी

लातूर जिल्ह्यातल्या मुरुडच्या काळ्या रानात उंदराचे वर्ष पाऊस ठरवतो. मोठ्या पावसात बिळांत पाणी शिरते, पिल्ले बुडतात, उरलेले उंदीर बांधाच्या उंच मातीत सरकतात. पीक दाण्यावर आले की ते पुन्हा रानात पसरतात. दिवाळीपासून ज्वारी-हरभऱ्याच्या काढणीपर्यंत त्यांचा सुकाळ असतो. घुशीच्या कुळातल्या शेतउंदराची मादी साधारण तीन आठवड्यांत विते, एका वेताला सहा-आठ पिल्ले देते. या जातीचे उंदीर बिळात कणसेही साठवतात.

त्यांच्या मागावर असणारे वेळ वाटून घेतात. दिवसा कापशी घार हवेत एका जागी पंख फडफडवत खालचे रान न्याहाळते. हिवाळ्यात उत्तरेकडून आलेले भोवत्या पिकावर अगदी कमी उंचीवरून घिरट्या घालतात. तिन्हीसांजेला पिंगळा बाहेर पडतो. रात्र गव्हाणी घुबडाची, कोल्ह्याची, खोकडाची आणि रानमांजराची. बिळात शिरून उंदीर धरणे मात्र धामणीला जमते तसे यांच्यापैकी कुणालाच जमत नाही.

हे भक्षक उंदीर संपवत नाहीत. उंदीर वाढले की गव्हाणी घुबडाची जास्त पिल्ले जगतात. उंदीर घटले की मागून फुटलेली, धाकटी पिल्ले उपासाने मरतात. म्हणजे भक्षकांची वाढ भक्ष्याच्या मागून येते आणि उंदरांची मोठी लाट त्यांच्या हाती थांबत नाही. त्यांचे खरे काम दोन लाटांच्या मधले आहे. उंदीर थोडे असताना ते थोडेच ठेवणे हे ते काम, आणि ते कुणाच्या डोळ्यांवर येत नाही. शिवाय घारीची सावली किंवा कोल्ह्याचा वास असला की उंदीर उघड्यावर कमी चरतो. भक्षकाचा धाकही पीक राखतो.

१९७२च्या दुष्काळानंतरची वीस वर्षे या तोलाच्या दृष्टीने आधीपेक्षा फारशी वेगळी नव्हती. ज्वारी होती, बांध रुंद होते, बांधावर बाभळी आणि बोरी होत्या. बिळे खणून उंदीर आणि त्यांनी साठवलेली कणसे काढणारी भटकी कुटुंबे सुगीनंतर शिवारातून फिरत. तीही या साखळीतलीच एक कडी होती.

घडी विस्कटली ती १९९३ नंतरच्या दशकात. ३० सप्टेंबर १९९३च्या पहाटे किल्लारीचा भूकंप झाला. लातूर-उस्मानाबादकडची बावन्न गावे जमीनदोस्त झाली. दगडमातीची घरे सोडून माणसे उघड्यावर आली. भीतीने घरे रिकामी ठेवण्याची लाट शेजारच्या बीड जिल्ह्यापर्यंत गेली. घरातले धान्य उंदरांना मोकळे मिळाले. ऑगस्ट १९९४ मध्ये बीड जिल्ह्यातल्या मामला गावात उंदीर मरून पडू लागले, पिसवांचा उपद्रव वाढला आणि गाठीच्या प्लेगचे संशयित रुग्ण आढळले. पुढच्याच महिन्यात सुरतेत प्लेगची घबराट उडाली. सोडलेली घरे, साठवलेले धान्य आणि फुगलेली उंदरांची संख्या यांचा संबंध अभ्यासकांनी त्या वेळी मांडला.

या प्रकरणातून शिकायला हवे होते ते एवढेच, की उंदीर अन्नाच्या मागे धावतो. शिकले गेले ते भलतेच: उंदीर दिसला की विष. झिंक फॉस्फाइडच्या गोळ्या बांधाबांधावर पडू लागल्या. पुढे ब्रोमाडिओलोन आले. ते खाल्लेला उंदीर लगेच मरत नाही. काही दिवस सुस्त होऊन उघड्यावर फिरतो आणि घुबडाच्या, रानमांजराच्या तोंडी आयता पडतो. विष यकृतात साठते, उंदरामागून भक्षकही त्याला बळी पडू शकतो. उंदीर महिन्यांत भरून निघतात. भक्षकाला वर्षे लागतात.

त्याच दशकात सोयाबीन आले आणि ज्वारी मागे हटली. पेरणीला जागा वाढवण्यासाठी ट्रॅक्टरने बांध कोरले गेले, बाभळी तुटल्या. कापशी घारीला बसायला जागा आणि धामणीला बीळ राहिले नाही. धामण गाईच्या पायांना विळखा घालून दूध पिते, घुबड अपशकुनी असते, या खोट्या समजुतींनीही त्यांचे बळी घेतले. सापाच्या तोंडाला दूध ओढून घेण्याची क्षमताच नसते. अशा समजुती पिढ्यान्‌पिढ्या चालू ठेवणे हा शेतीचा स्वतःच्याच हाताने केलेला घात आहे.

ऊस या चित्राला दुसरी बाजू देतो. वर्षभर उभे दाट पीक म्हणजे उंदराला आसरा; घुबडाला तिथे झेप घेता येत नाही. पण कोल्हा आणि रानमांजरही उसातच दडतात. २०१६च्या उन्हाळ्यात मिरजेहून रेल्वेने लातूरला पाणी आणावे लागले. अशा टंचाईत ऊस घटला, पाऊस परतला तसा वाढला. उंदरांचा आसराही त्याबरोबर कमी-जास्त होत राहिला.

उपाय जुनेच आहेत. उंदीर सर्वांत कमी असतात ते पेरणीपूर्वी, मे-जूनमध्ये. गावाने मिळून त्याच वेळी बिळे खणली तर विष फार लागत नाही. हरभऱ्यातल्या घाटेअळीसाठी लावतात ते पक्षीथांबे रात्री पिंगळ्यालाही उपयोगी पडतात. इस्रायलमध्ये १९८३ पासून शेतांत गव्हाणी घुबडांसाठी पेट्या टांगल्या जातात. मुरुडला पेटीच्या आधी बांध परत हवा. सोयाबीन काढताना धामण दिसली तर तिला जाऊ द्यावे. ती बिनविषारी आहे, आणि पुढच्या हंगामात त्या रानातली बिळे तीच तपासणार आहे.