एचआयव्ही आणि उच्च रक्तदाब : गोळ्या थांबवणे हा उपाय नव्हे

‘बीपी वाढले ते एचआयव्हीच्या गोळ्यांमुळे; त्या थांबवल्या की ते आपोआप उतरेल’ हा समज कितीही वेळा खोडून काढला तरी पुन्हा डोके वर काढतो, आणि वाशिम जिल्ह्यातील रिसोड किंवा मानोऱ्याहून दिवसाची मजुरी बुडवून औषधासाठी येणाऱ्या माणसाला तो सोयीचाही वाटतो.

या समजात तथ्याचा अंश आहे, हे मान्य करावे लागेल. एआरटी, म्हणजे विषाणूची वाढ रोखणारी एकत्रित औषधयोजना, भारतात 1 एप्रिल 2004 पासून शासनामार्फत मोफत मिळू लागली; आज तिच्या पहिल्या टप्प्यात टेनोफोव्हिर, लॅमिव्हुडीन आणि डोलुटेग्राव्हिर ही तीन औषधे एकाच गोळीत असतात. डोलुटेग्राव्हिरमुळे काही रुग्णांचे वजन वाढते आणि वजनाबरोबर रक्तदाबही वाढू शकतो. मात्र विषाणू स्वतःच प्रतिकारयंत्रणेला सतत चेतवत ठेवतो आणि त्यातून उद्भवणाऱ्या सौम्य पण दीर्घकालीन दाहामुळे रक्तवाहिन्यांची लवचिकता कमी होते, ही बाजू हा समज पसरवणारे सांगत नाहीत. शिवाय 2004 मध्ये तिशीत उपचार सुरू केलेली व्यक्ती आज पन्नाशी ओलांडून गेली आहे, आणि त्या वयात एचआयव्ही नसलेल्यांचाही रक्तदाब वाढतोच.

गोळ्या थांबवून पाहण्याचा प्रयोग जगाने केलेला आहे. 33 देशांतील 5,472 रुग्णांवर झालेल्या आणि 2006 मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘स्मार्ट’ चाचणीत एका गटाचे औषध अखंड चालू ठेवले आणि दुसऱ्याचे सीडी-4 पेशींची, म्हणजे प्रतिकारशक्ती सांभाळणाऱ्या पांढऱ्या पेशींची, संख्या पुरेशी असेपर्यंत थांबवले. खंड पडलेल्या गटात संधिसाधू आजार किंवा मृत्यूचे प्रमाण 2.6 पट, तर हृदय, मूत्रपिंड व यकृताच्या गंभीर आजारांचे 1.7 पट भरले आणि तो प्रयोग मुदतीआधीच आवरावा लागला. म्हणजे हृदय वाचवण्यासाठी गोळ्या सोडणारा माणूस हृदयच धोक्यात घालतो; एवढे स्पष्ट उत्तर असताना तोच सल्ला पुन्हा देणे हा निव्वळ बेजबाबदारपणा आहे.

असेच आणखी काही समज आणि त्यांची उत्तरे अशी.

‘दोन्ही गोळ्या एकत्र चालत नाहीत’ : डोलुटेग्राव्हिरबरोबर अम्लोडिपिन हे रक्तदाबाचे औषध चालते, दुसऱ्या टप्प्यातील रिटोनाव्हिरमुळे मात्र त्याचे रक्तातील प्रमाण वाढत असल्याने मात्रा बेताची ठेवावी लागते, म्हणून डॉक्टरांना दोन्ही पाकिटे दाखवावीत.

‘डोके दुखत नाही, म्हणजे बीपी नाही’ : उच्च रक्तदाब बहुधा मुकाट वाढतो.

‘विषाणू आढळत नाही, म्हणजे हृदय सुरक्षित’ : 2018 मध्ये प्रसिद्ध झालेल्या जागतिक आढाव्यात एचआयव्हीबाधितांमध्ये हृदयविकाराचा धोका इतरांच्या सुमारे दुप्पट आढळला.

‘अंगदुखीची गोळी निरुपद्रवी’ : सोयाबीनच्या सोंगणीच्या दिवसांत रोज घेतलेले डायक्लोफिनॅक रक्तदाब वाढवते आणि टेनोफोव्हिर घेणाऱ्याच्या मूत्रपिंडावरचा ताणही वाढवते.

‘खर्रा बिडीइतका वाईट नाही’ : निकोटीन धुरातून गेले काय नि खर्ऱ्यातून गेले काय, रक्तदाब वाढवतेच.

‘बीपी उतरले, आता गोळी बंद’ : ते गोळीमुळेच उतरलेले असते.

असंसर्गजन्य रोगांच्या राष्ट्रीय कार्यक्रमासाठी सुरुवातीला निवडलेल्या देशातील 100 जिल्ह्यांत वाशिमचा समावेश होता, त्यामुळे रक्तदाबाची तपासणी येथे नवलाईची राहिलेली नाही. तपासणीपूर्वी अर्धा तास चहा व तंबाखू टाळून, पाच मिनिटे पाठ टेकवून शांत बसून, उघड्या दंडाला पट्टा बांधून आणि हात हृदयाच्या पातळीवर ठेवून मोजलेला आकडाच विश्वासार्ह असतो. तो वेगवेगळ्या दिवशी 140/90 किंवा अधिक आला, तर उपचार आवश्यक ठरतात. म्हणून एआरटी केंद्राच्या प्रत्येक भेटीत रक्तदाब मोजून घ्यावा, आणि तो वाढलेला आढळल्यास एचआयव्हीची गोळी न सोडता डॉक्टरांच्या सल्ल्याने रक्तदाबाची गोळी तिच्या जोडीला घ्यावी.