वसईची ओळख कोण सांगते?

सांस्कृतिक ओळख माणसाला घरातून मिळते; ती घडते, बदलते आणि टिकते मात्र सांगण्या-ऐकण्यातून. बोली, पेहराव, सण, जेवण आणि गावाच्या आठवणी यांविषयी समाज आपापसांत काय बोलतो आणि बाहेरचे लोक त्याच्याविषयी काय बोलतात, यांतून ‘आपण कोण’ या प्रश्नाचे उत्तर तयार होते. हे बोलणे दूरवर नेण्याचे काम माध्यमे करतात. जागतिकीकरणाच्या काळात तर राज्याबाहेरचा आणि देशाबाहेरचा आवाज थेट घरात येतो. पालघर जिल्ह्यातील वसई-विरार पट्ट्यात या प्रक्रियेचे सगळे टप्पे एकाच ठिकाणी पाहायला मिळतात. सामवेदी ब्राह्मण, कुपारी, वाडवळ, कोळी, आगरी, भंडारी, वारली असे अनेक समाज येथे पिढ्यान्‌पिढ्या राहत आले आहेत आणि प्रत्येकाच्या बोलीला, सणाला आणि स्वयंपाकाला स्वतःचा रंग आहे.

जगाशी जुने नाते

बाहेरच्या जगाचा संपर्क वसईला नवा नाही. नालासोपाऱ्याजवळचे सोपारा म्हणजे प्राचीन शूर्पारक. ‘पेरिप्लस’ या पहिल्या शतकातील ग्रीक ग्रंथात या बंदराचा उल्लेख येतो. पंडित भगवानलाल इंद्रजी यांना १८८२ मध्ये येथे सम्राट अशोकाच्या आठव्या शिलालेखाचा तुकडा सापडला. सम्राटाचा संदेश लोकांच्या प्राकृत भाषेत दूरदूरच्या प्रांतांत पोहोचवणारा असा शिलालेख हे त्या काळचे प्रभावी माध्यमच होते. पुढे १५३४ ते १७३९ या काळात वसईवर पोर्तुगीजांची सत्ता होती. वसईत जन्मलेले गोन्सालो गार्सिया १५९७ मध्ये जपानमधील नागासाकी येथे हुतात्मा झाले आणि १८६२ मध्ये त्यांना संतपद मिळाले.

या दीर्घ संपर्कातून वसईने बरेच काही घेतले. पोर्तुगीज आडनावे आली, बोलीत परके शब्द मिसळले, पण घरातली भाषा मराठीच्या कुळातली राहिली. कुपारी ख्रिस्ती स्त्रियांच्या अंगावर लाल लुगडेच राहिले. बाहेरचे स्वीकारतानाही आपलेपण राखता येते, हे या भूमीने फार पूर्वी दाखवून दिले आहे.

प्रार्थना आणि छापील शब्द

जागतिक पातळीवरचा निर्णय स्थानिक भाषेला बळ कसे देतो, याचे उदाहरणही येथे सापडते. १९६२ ते १९६५ या काळात रोममध्ये भरलेल्या दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने उपासनेत लोकभाषांना स्थान दिले. लॅटिनमध्ये होणारी मिस्सा वसईत मराठीतून होऊ लागली. चर्चमधली प्रार्थना, गायन आणि प्रवचन मराठी झाल्यामुळे ख्रिस्ती असणे आणि मराठी असणे यांची गाठ अधिक पक्की झाली.

‘सुवार्ता’ या मराठी मासिकाने हेच काम छापील शब्दांतून केले. फादर फ्रान्सिस दिब्रिटो १९८३ ते २००७ या काळात त्याचे संपादक होते. धार्मिक विषयांच्या जोडीला समाज, साहित्य आणि पर्यावरण यांना त्यांनी या मासिकात जागा दिली. वसईच्या बागायती आणि विहिरी वाचवण्यासाठी उभ्या राहिलेल्या हरित वसई संरक्षण समितीच्या चळवळीचेही त्यांनी नेतृत्व केले. ‘हरित वसई’ हे दोन शब्द त्या लढ्यामुळे साऱ्या पट्ट्याची ओळख बनले. जानेवारी २०२० मध्ये उस्मानाबाद येथे झालेल्या ९३ व्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद दिब्रिटो यांनी भूषवले. वसईचा ख्रिस्ती समाज मराठी संस्कृतीचा अविभाज्य भाग आहे, ही गोष्ट त्या निवडीने साऱ्या महाराष्ट्रासमोर आली.

लोकल गाडी आणि दूरचित्रवाणी

बदलाची दोन मोठी साधने बरोबरीने काम करत राहिली. विरारपर्यंत विजेवर चालणारी लोकल १९३६ मध्ये सुरू झाली आणि वसईचे मुंबईशी नाते घट्ट झाले. स्वस्त घरांच्या शोधात मुंबईकडून आणि देशभरातून लोक येत राहिले. २०११ च्या जनगणनेत वसई-विरार महापालिकेची लोकसंख्या १२ लाखांवर पोहोचली होती. बाजारात, रिक्षात, सोसायट्यांच्या आवारात हिंदी ही सोयीची भाषा झाली.

मुंबई दूरदर्शन २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झाले, तेव्हा पडद्यावर प्रमाण मराठी ऐकू येई. १९९१ नंतर उपग्रह वाहिन्या आल्या आणि हिंदी मालिका, परदेशी कार्यक्रम, जाहिराती यांचा ओघ वाढला. लग्नात संगीत आणि मेहंदीचे कार्यक्रम रूढ झाले. पारंपरिक लग्नगीतांची जागा ध्वनिवर्धकावरच्या चित्रपटगीतांनी घेतली. सर्वांत खोल परिणाम बोलींवर झाला. सामवेदी, अर्थात कादोडी बोली निर्मळ, वाघोली, गास, भुईगाव या परिसरात बोलली जाते. तिला शाळेत स्थान नाही, दूरचित्रवाणीवरही नाही. जी भाषा पडद्यावर कधी ऐकू येत नाही, ती मुलांना कमी प्रतीची वाटू लागते, आणि मग आईवडीलच ती मुलांशी बोलायचे थांबतात.

एक किल्ला, अनेक कथा

माध्यमे एकाच ठिकाणाला किती वेगळे अर्थ देतात, हे वसईच्या किल्ल्यावरून स्पष्ट होते. मराठी इतिहासलेखनात तो चिमाजी अप्पांच्या १७३९ मधील विजयाचे स्मारक आहे. ख्रिस्ती समाजासाठी तेथील पडकी चर्च पूर्वजांच्या श्रद्धेची खूण आहेत. हिंदी चित्रपटांनी त्याचा वापर गाण्यांची सुंदर पार्श्वभूमी म्हणून केला. २०१६ मध्ये आलेल्या कोल्डप्ले या ब्रिटिश बँडच्या ‘हिम फॉर द वीकेंड’ या गाण्याच्या चित्रफितीतही तो दिसतो. साधू, रंग आणि जुन्या वास्तू एवढ्यापुरता भारत दाखवल्याबद्दल त्या चित्रफितीवर टीका झाली. जगभर पोहोचलेल्या त्या दृश्यांत किल्ला होता, त्याचा इतिहास आणि भोवतीची माणसे नव्हती. बाहेरचा कॅमेरा बहुधा देखावा घेतो आणि संदर्भ मागे ठेवतो.

कॅमेरा गावाच्या हाती

स्वस्त मोबाइल आणि इंटरनेट यांनी हे चित्र काही प्रमाणात बदलले. वसईचे सुनील डिमेलो यांच्या यूट्यूब वाहिनीवर वसईतील विविध समाजांच्या बोली, लग्नविधी, शेती, मासेमारी, खाद्यपदार्थ आणि जुनी घरे यांचे मराठीतून चित्रण होते. राजेळी केळी वाळवून सुकेळी कशी करतात, हे करणाऱ्याच्याच तोंडून ऐकायला मिळते. ‘कादोडी’ या अंकाने सामवेदी बोलीतील लेखनाला छापील रूप दिले. परदेशी स्थायिक झालेल्या कुटुंबांतील मुलांना आजीची बोली निदान पडद्यावर तरी ऐकता येते.

या साधनांनाही मर्यादा आहेत. पडद्यावर उठून दिसणारे तेवढेच पुढे येते: लाल लुगडे, दागिने, मेजवानी. शेतातले कष्ट, पाण्याची चणचण, विकल्या गेलेल्या वाड्या यांना प्रेक्षक कमी मिळतात. सणापुरता पेहराव आणि चित्रफितीपुरती बोली उरली, तर ओळख जगण्यातून निघून प्रदर्शनात जाते.

वसई-विरारच्या अनुभवावरून एक निष्कर्ष निघतो. माध्यमे संस्कृती नष्ट करतात असे नाही आणि आपोआप वाचवतात असेही नाही. समाज केवळ प्रेक्षक राहिला तर त्याची ओळख दुसरे ठरवतात. तो स्वतः लिहू, बोलू आणि दाखवू लागला तर जागतिक साधनेही त्याच्या कामी येतात. पण नोंद म्हणजे जतन नव्हे. कादोडी असो वा वाडवळी, ती टिकेल की नाही हे घरातले मोठे लहानांशी रोज कोणत्या बोलीत बोलतात, यावरच ठरेल.