वाघ पाहून झाला? आता हेरांच्या वाटेनं चला!

शुक्रवारी रात्री लॅपटॉप बंद. शनिवारी पहाटे ताडोबाच्या जिप्सीत. रविवारी वाघाचे फोटो मित्रांना धाडून झाले की सोमवारी पुन्हा आपलं ऑफिस. चंद्रपूरशी आपली दोस्ती बहुतेक एवढीच! पण बॉस, पुढच्या खेपेला एक रजा जास्तीची टाका. याच जंगलात १८५८ मध्ये बातम्यांचं एक जबरदस्त युद्ध झालं होतं आणि त्याची एक मस्त हेरिटेज ट्रेल आखता येते.

हेरांची स्मारकं नवी नाहीत. दुसऱ्या महायुद्धात पॅरिसमधून ब्रिटिशांसाठी गुप्त संदेश पाठवणाऱ्या नूर इनायत खानच्या लंडनमधल्या घरावर २०२० मध्ये निळी पाटी लागली. आपल्याकडे सांगली जिल्ह्यातल्या बाणूरगडावर शिवरायांचे हेर बहिर्जी नाईक यांची समाधी आहे. मग चंद्रपूर-गडचिरोली मागे का?

पहिला थांबा : जेलमधला पिंपळ

सुरुवात शेवटापासून करू. चंद्रपूरच्या कारागृहाच्या आवारात एक पिंपळ आहे. २१ ऑक्टोबर १८५८ रोजी पंचविशीतल्या बाबुराव शेडमाके यांना इथे फाशी दिली गेली. वय लक्षात घ्या. आपण त्या वयात पहिल्या अप्रेझलचं टेन्शन घेत असतो! मोलमपल्लीच्या या गोंड जमीनदारानं मार्च १८५८ मध्ये राजगड परगणा ताब्यात घेतला आणि कॅप्टन क्रिक्टनच्या फौजेला जंगलात पळवलं. आडपल्ली-घोटचे व्यंकटराव त्यांचे साथीदार. दर २१ ऑक्टोबरला लोक या पिंपळापाशी जमतात. २००९ मध्ये बाबुरावांवर टपाल तिकीटही निघालं.

दुसरा थांबा : प्राणहितेचा काठ

बल्लारपूर, गोंडपिपरी करत आष्टीला या. जवळच चपराळ्याला वर्धा आणि वैनगंगा भेटतात आणि प्राणहिता सुरू होते. याच नदीकाठी चिंचगुंडीला २९ एप्रिल १८५८ च्या रात्री टेलिग्राफ खात्याच्या तळावर हल्ला झाला. गार्टलँड आणि हॉल हे दोघे मारले गेले. तिसरा, पीटर, निसटला आणि थेट क्रिक्टनकडे पोचला.

टेलिग्राफ म्हणजे त्या काळचं इंटरनेट. इंग्रजांचे निरोप तारेवरून पळायचे, बंडखोरांचे पायवाटेनं. शेकडो माणसांची फौज महिनोन्‌महिने जंगलात तग धरते, तेव्हा कुठल्या तरी पाड्यावरची बाई, कुठला तरी गुराखी साहेबाची तुकडी कुठे आहे ते सांगत असणारच. त्यांची नावं कुठल्याही कागदावर नाहीत. ट्रेलवरची पहिली पाटी मला त्यांच्यासाठी हवी आहे.

तिसरा थांबा : अहेरी

आलापल्लीवरून अहेरी जवळच. इथे गोष्ट अवघड होते. बाबुराव इंग्रजांच्या हाती लागले ते लढाईत नव्हे. अहेरीच्या जमीनदारीण लक्ष्मीबाईंनी त्यांना पकडून दिलं. सप्टेंबरमध्ये ते चंद्रपुरात कैदी होते. बक्षीस म्हणून लक्ष्मीबाईंना बंडखोरांच्या जमीनदारीतली गावं मिळाली. नूरसुद्धा फितुरीमुळेच पकडली गेली होती. हेरांच्या गोष्टीला ही दुसरी बाजू असतेच. ती गाळली तर ट्रेल कसली, नुसती जाहिरात होईल.

एक काम, तीन शब्द

आपल्या बाजूनं बातमी आणतो तो हेर. आपली बातमी पलीकडे देतो तो फितूर. आणि पैसे घेऊन देतो तो खबऱ्या. काम एकच, शब्द बाजू बघून बदलतो. मुंबई-पुण्यात हा गप्पांचा विषय. गडचिरोलीत तो जिवावरचा आहे. १९८० च्या दशकापासून 'पोलिसांचा खबऱ्या' असल्याच्या नुसत्या संशयावरून नक्षलवाद्यांनी इथल्या कितीतरी गावकऱ्यांना मारलं. आणि रात्री बंदूकवाल्यांना जेवण वाढलं म्हणून सकाळी पोलिसांची चौकशी, हेही याच गावांनी सोसलं. ऑक्टोबर २०२५ मध्ये भूपती हा बडा माओवादी नेता साथीदारांसह गडचिरोलीत शरण आला. वातावरण निवळतंय, पण ज्यांच्या घरातलं माणूस गेलं त्यांच्यासाठी 'खबऱ्या' हा शब्द अजून ओला आहे.

म्हणून हेरांची ट्रेल इथे पुण्या-मुंबईच्या एखाद्या एजन्सीनं चकाचक बोर्ड ठोकून करू नये. बोर्डावर काय लिहायचं ते आधी ग्रामसभेत ठरावं. मजकूर मराठीसोबत गोंडी आणि माडियातही असावा. गाइड गावातलीच पोरं-पोरी असावीत आणि पैसाही गावातच राहावा. कोण शूर, कोण फितूर हे आपण वीकएन्डला येऊन ठरवायचं नाही. ऐकायचं.

निघण्याआधी

* ऑक्टोबर ते फेब्रुवारी बेस्ट. पावसाळ्यात पुरामुळे रस्ते बंद होतात, मे महिन्यातलं चंद्रपूरचं ऊन सोसत नाही.
* पिंपळ जेलच्या आवारात आहे, त्यामुळे आधी परवानगीची चौकशी करा.
* एका दिवसात सगळं उरकू नका. एक रात्र चंद्रपूर, एक आलापल्ली-अहेरी.
* गावात शिरताना आधी माणसांशी बोला, कॅमेरा नंतर काढा. 'इथे नक्षली कुठे असतात हो?' हा प्रश्न चुकूनही विचारू नका. उत्तर देणाऱ्याला तो महागात पडू शकतो.