चिठ्ठी कोणाच्या नावाची?

लेखमाला : औषध माणसापर्यंत कसे येते – भाग ५

उसाचे नवे वाण आले म्हणून खुटबावचा शेतकरी सगळे रान एकदम मोडून त्याची लागण करत नाही. ८६०३२ हे जुने वाण वर्षानुवर्षे साथ देत आलेले असते. मग २६५ आले, तेव्हा अनेकांनी आधी एखाद्या पट्ट्यात लावून पाहिले. शेजारी जुने, इकडे नवे. पाणी तेच, खत तेच, तोडणी एकाच वेळी. टनेज किती पडले आणि खोडवा कसा फुटला, हे पाहिल्यावरच पुढच्या वर्षीचा निर्णय व्हायचा. यात एक खोट मात्र राहतेच. नव्या वाणाला माणूस नकळत बांधाजवळची कसदार जमीन देतो आणि चोपणाचा तुकडा जुन्याच्या वाट्याला जातो. मग वाढलेले टनेज वाणाचे म्हणायचे की जमिनीचे?

या प्रश्नाचे उत्तर शेतातच सापडले. इंग्लंडमधल्या रोदमस्टेड शेती संशोधन केंद्रात रोनाल्ड फिशर या संख्याशास्त्रज्ञाने १९२० च्या दशकात सांगितले, की कोणत्या वाफ्यात काय पेरायचे हे माणसाने ठरवू नये, चिठ्ठी टाकून ठरवावे. पुढे हीच युक्ती दवाखान्यात आली. क्षयरोगावर स्ट्रेप्टोमायसिन किती चालते, हे ब्रिटनमध्ये रुग्णांची अशीच गटवारी करून तपासले गेले आणि १९४८ मध्ये ते निष्कर्ष प्रसिद्ध झाले. आज विद्यापीठे आणि वैद्यकीय महाविद्यालये ‘स्वयंसेवक हवेत’ म्हणून जे आवाहन करतात, त्यामागची रीत हीच आहे. फरक एवढाच, की वाफ्याला विचारावे लागत नाही. माणसाला विचारावे लागते, आणि तो नको म्हणाला तर तिथेच थांबावे लागते.

गेल्या आठवड्यात चाचणीचे टप्पे पाहिले: आधी मोजक्या निरोगी माणसांत सुरक्षितता, मग शेकड्यांत मात्रा, मग हजारोंत परिणाम. या आठवड्यात पाहायची आहेत ती त्या हजारोंतली माणसे. त्यासाठी खुटबावकरांना फार लांब जायला नको. चौफुला–न्हावरे रस्त्याने पारगावला भीमा ओलांडली की शिरूर तालुका लागतो. त्याच तालुक्याच्या पश्चिम टोकाला, कोरेगाव भीमाजवळ, वढू बुद्रुक आहे. बहुतेकांना ते छत्रपती संभाजी महाराजांच्या समाधीमुळे ठाऊक आहे. जगभरच्या वैद्यकीय नियतकालिकांत मात्र हे नाव दुसऱ्याच कारणाने येते.

पुण्याच्या केईएम रुग्णालयाच्या डॉ. बानू कोयाजी यांनी १९७० च्या दशकात इथे ग्रामीण आरोग्याचे काम उभे केले. गावातल्याच बायकांना हाताशी धरून त्यांनी आरोग्यसेवा घरोघर नेली. १९९३ मध्ये त्यांना मॅगसेसे पुरस्कार मिळाला. त्याच कामाच्या पायावर २००२ पासून शिरूर आणि हवेली तालुक्यांतल्या २२ गावांची नोंदवही सुरू झाली. घरात कोण जन्मले, कोण वारले, कोण लग्न होऊन आले, कोण कामासाठी बाहेर गेले, याची घरोघरी फिरून नोंद होते. चाचणीसाठी असा आधार लागतो. लस टोचल्यावर दोन वर्षांनी ते मूल कुठे आहे हे सांगता येत नसेल, तर त्या चाचणीला अर्थ उरत नाही.

रोटाव्हायरसच्या लशीची गोष्ट इथली आहे. लहान बाळांना या विषाणूने होणारे जुलाब-उलट्या काही तासांत बाळाला कोरडे पाडतात. दिल्लीच्या एम्समध्ये १९८० च्या दशकात डॉ. महाराज किशन भान यांच्या गटाला एका नवजात बाळात या विषाणूचा सौम्य प्रकार सापडला. बाळाला संसर्ग होता, पण आजार नव्हता. त्यातूनच पुढे तोंडाने द्यायची भारतीय लस घडली. २०११ मध्ये तिची मोठी चाचणी तीन ठिकाणी सुरू झाली: दिल्ली, वेल्लोर आणि पुणे. पुण्याचे केंद्र म्हणजे केईएमचे वढूचे काम. एकूण ६,७९९ बाळे होती. त्यांतल्या ४,५३२ बाळांना लस मिळाली आणि २,२६७ बाळांना प्लासिबो, म्हणजे दिसायला तसेच पण आत लस नसलेले थेंब. कोणत्या बाळाला काय मिळाले हे आईला ठाऊक नव्हते, थेंब पाजणाऱ्यांना नव्हते आणि जुलाबाची नोंद घेणाऱ्या डॉक्टरांनाही नव्हते. ठाऊक असते तर लस मिळालेल्या बाळाचे जुलाब सौम्य वाटले असते आणि दुसऱ्याचे जोराचे.

शेवटी कोणाला काय मिळाले याची बंद पाकिटे उघडली तेव्हा रोटाव्हायरसच्या तीव्र जुलाबाचे प्रसंग लशीच्या गटात ७१ आणि प्लासिबोच्या गटात ७६ निघाले. वरवर पाहता बरोबरीच. पण लशीच्या गटात बाळे दुप्पट होती, म्हणजे लस निकामी असती तर तिथे दीडशेच्या आसपास प्रसंग दिसायला हवे होते. हिशेब आला तो जवळजवळ ५४ टक्के संरक्षणाचा. हा आकडा पूर्ण नाही, पण ज्या देशात एवढी बाळे जन्माला येतात तिथे तो फार मोठा आहे. २०१६ पासून रोटाव्हायरसची लस टप्प्याटप्प्याने सरकारी लसीकरणात आली. आज आशाताई दीड, अडीच आणि साडेतीन महिन्यांच्या बाळाला घेऊन आईला उपकेंद्रावर बोलावते, तेव्हा पोलिओबरोबर हेही थेंब पाजले जातात.

इथे आईच्या मनात येणारा प्रश्न रास्त आहे: माझ्या बाळाला नुसतेच पाणी पाजले, तर त्याचे नुकसान नाही का? उत्तर परिस्थितीवर अवलंबून आहे. त्या वेळी सरकारी लसीकरणात रोटाव्हायरसची कोणतीच लस नव्हती, म्हणून प्लासिबोच्या गटातल्या बाळापासून जवळच्या केंद्रात मिळणारे काही काढून घेतले जात नव्हते. जिथे सिद्ध झालेले औषध आधीच हाताशी आहे, तिथे मात्र रुग्णाला नुसता प्लासिबो देऊन बसवणे चालत नाही. तुलना त्या जुन्या औषधाशीच करावी लागते. ८६०३२ च्या पट्ट्याशेजारी २६५ लावतात, मोकळ्या रानाशेजारी नाही.

गोवराच्या चाचणीत हेच झाले. सुई न टोचता, वाफाऱ्यासारखी नाकातोंडावाटे गोवराची लस देता आली तर किती बरे होईल, असे जागतिक आरोग्य संघटनेला वाटत होते. सुईला प्रशिक्षित हात लागतात, वापरलेल्या सुयांची विल्हेवाट लावावी लागते आणि बाळ रडते ते वेगळेच. पुणे जिल्ह्यातल्या गावांमधली ९ ते १२ महिन्यांच्या आतली २,००४ मुले या चाचणीत आली. काम केईएमच्या संशोधन केंद्राचे होते. निम्म्या मुलांना नेहमीची सुई आणि निम्म्यांना फवारा. कोणालाच लशीविना ठेवले नाही. फवारा सुईपेक्षा फार तर पाच टक्क्यांनी मागे पडला तरी चालेल, असे आधीच ठरले होते. ९१ दिवसांनी रक्त तपासले, तेव्हा सुईच्या गटातल्या ९४.७ टक्के मुलांमध्ये गोवराविरुद्धची प्रतिपिंडे दिसली आणि फवाऱ्याच्या गटात ८५.४ टक्के. फवारा हरला. २०१५ मध्ये हा निकाल जसाच्या तसा छापून आला.

एवढ्या आयांनी मुले आणली, रक्त देऊ दिले आणि हाती आला नकार, असे कोणाला वाटेल. पण हा नकार मिळाला नसता तर कदाचित सोयीसाठी हाच फवारा देशोदेशी वापरला गेला असता, आणि दर शंभरांमागे आणखी नऊ मुले गोवराच्या तोंडी उघडी राहिली असती. पुणे जिल्ह्यातल्या त्या आयांचे हे देणे फारसे कोणाच्या लक्षात नाही, याचे वाईट वाटते.

आता कागदाकडे वळू. गावात सहीची भीती जुनी आहे आणि ती उगाच नाही. सोसायटीच्या कर्जाला जामीन राहून फसलेले लोक प्रत्येक आळीत असतात. चाचणीचा कागद पुढे आला की पहिला प्रश्न हाच येतो: ‘सही केली म्हणजे आता अडकलो का?’ तर नाही. हा कागद माणसाला बांधत नाही. चाचणी अर्ध्यावर असताना, कारणही न सांगता, त्याला बाहेर पडता येते, आणि म्हणून त्याच्या नेहमीच्या उपचारात काही कमी करता येत नाही. कागद मराठीत हवा, समजेल अशा मराठीत हवा आणि त्याची एक प्रत घरी नेता आली पाहिजे. वाचता येत नसेल तर चाचणीशी संबंध नसलेला साक्षीदार समोर बसतो, सगळे वाचून दाखवले जाते आणि मग अंगठा. मूल असेल तर सही आईवडिलांची. पण सात वर्षांवरच्या मुलाला त्याच्या वयाच्या भाषेत सांगून त्याचाही होकार घ्यावा लागतो.

हे नियम सहज आलेले नाहीत. १८९७ च्या जानेवारीत, मुंबईत प्लेग थैमान घालत असताना, वाल्डेमार हाफकिन यांनी आपली लस आधी स्वतःला टोचून घेतली आणि महिन्याअखेर भायखळ्याच्या तुरुंगातल्या कैद्यांना दिली. कैदी स्वखुशीने पुढे आले, असे त्या काळी नोंदवले गेले. तुरुंगाच्या भिंतीआड ‘स्वखुशी’ किती खरी असते, हा प्रश्न तेव्हा फारसा विचारला गेला नाही. तो अलीकडेही नीट विचारला गेला नाही. २००९ मध्ये तेव्हाच्या आंध्र प्रदेशातल्या खम्मम आणि गुजरातमधल्या वडोदरा जिल्ह्यांत शाळकरी मुलींना गर्भाशयमुखाच्या कर्करोगाविरुद्धची लस अभ्यासाचा भाग म्हणून दिली गेली. काही मुलींच्या मृत्यूनंतर २०१० मध्ये काम थांबले. मृत्यूंचा लशीशी संबंध चौकशीत दिसला नाही. पण आईवडिलांऐवजी वसतिगृहाच्या अधीक्षकांनी आणि मुख्याध्यापकांनी संमतीपत्रांवर सह्या केल्याचे उघड झाले आणि २०१३ मध्ये संसदीय समितीने त्यावर कडक ताशेरे ओढले. त्याच सुमारास स्वास्थ्य अधिकार मंच या संस्थेची जनहित याचिका सर्वोच्च न्यायालयात चालू होती. या सगळ्या रेट्यातून भरपाईचे नियम आले आणि १९ मार्च २०१९ रोजी नव्या औषधांचे व चाचण्यांचे स्वतंत्र नियम लागू झाले.

त्यांतल्या दोन गोष्टी प्रत्येक घराने लक्षात ठेवाव्यात. चाचणीत असताना काही इजा झाली, तर ती चाचणीमुळे नाही हे ठरेपर्यंत उपचाराचा खर्च चाचणी करणाऱ्याने उचलायचा. चाचणीमुळेच मृत्यू किंवा कायमचे अपंगत्व आले, तर भरपाई ठरलेल्या सूत्राने मोजतात. तिचा पाया आठ लाख रुपयांचा असून वय आणि आजाराची जोखीम धरून रक्कम कमी-जास्त होते. दुसरी गोष्ट नैतिकता समितीची. तिच्या मंजुरीशिवाय चाचणी सुरूच होत नाही. तिच्यात डॉक्टरांबरोबर कायद्याचा जाणकार, एक सामान्य नागरिक आणि किमान एक स्त्री हवीच, आणि निम्मे सदस्य त्या संस्थेबाहेरचे हवेत. या समितीचा फोन नंबर संमतीपत्रावर छापलेला असतो. डॉक्टरांना विचारायला संकोच वाटला तर थेट तिथे विचारता येते. शिवाय भारतात चाललेली प्रत्येक औषध-चाचणी सरकारी नोंदणीत असावी लागते. २००९ पासून हे सक्तीचे आहे, आणि शाळेत जाणारा कोणताही मुलगा मोबाइलवर ती नोंदणी शोधून आजोबांना दाखवू शकतो.

एक गैरसमज मात्र नियमांनी जात नाही. सकाळच्या गाडीने खुटबाव स्टेशनवरून पुण्याला निघालेला रुग्ण मोठ्या दवाखान्यात पोहोचतो तो बरे होण्यासाठी. तिथे कोणी म्हणाले, ‘नवीन औषध आहे, फुकट मिळेल, तपासण्याही फुकट,’ तर त्याला वाटते, डॉक्टरांनी आपल्यासाठी काही खास काढून ठेवले आहे. नव्या औषधाचा गुण येईल की नाही हेच कोणाला ठाऊक नसते, आणि म्हणून तर चाचणी असते. चांगला संशोधक हे स्पष्ट सांगतो. जो ‘तुमचा फायदाच आहे’ एवढेच म्हणतो, त्याला आणखी दोन प्रश्न विचारावेत: यात सामील झालो नाही तर मला कोणता उपचार मिळेल, आणि चाचणी संपल्यावर माझे काय?

चाचणी संपल्यावरचे नाते कसे असू शकते, याचे उदाहरण पुण्याजवळच्या सहा खेड्यांत आहे. १९९३ मध्ये केईएमचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी तिथे गरोदर बायकांचा अभ्यास सुरू केला. बाईला दिवस गेल्याची तारीख अचूक कळावी म्हणून कार्यकर्त्या दर महिन्याला लग्न झालेल्या बायकांच्या घरी जाऊन पाळीची तारीख लिहून घेत. ज्या काळात असल्या गोष्टी सासूसमोर बोलायचीही चोरी होती, त्या काळात हे काम विश्वासाशिवाय झाले नसते. त्यातून कळले, की इथली बाळे युरोपातल्या बाळांपेक्षा बरीच हलकी जन्मतात, पण त्या लहानशा अंगात चरबीचे प्रमाण मात्र जास्त असते. आयांच्या रक्तात बी-१२ जीवनसत्त्व फार कमी आढळले. ज्या आया पालेभाज्या, फळे आणि दूध जास्त वेळा खात, त्यांची बाळे अधिक भरलेली होती. दूध डेअरीला घालून चहापुरते घरात ठेवणाऱ्या प्रत्येक गावाला ही माहिती लागू पडते.

ती बाळे मोठी झाली. सहाव्या, बाराव्या, अठराव्या वर्षी त्यांची पुन्हा तपासणी झाली. २०१२ मध्ये त्याच मुलामुलींना विचारण्यात आले, की बी-१२ ची गोळी घेऊन पाहाल का, म्हणजे पुढे तुम्हाला होणाऱ्या बाळांची प्रकृती सुधारते का ते कळेल. गट चिठ्ठी टाकूनच ठरले. आईने १९९३ मध्ये आपली तारीख सांगितली होती, आता संमती द्यायची पाळी तिच्या मुलीची होती. त्या मुलींपैकी अनेकींची लग्ने होऊन त्या दुसऱ्या गावी गेल्या, तरी बाळंतपणाच्या वेळी कार्यकर्त्या तिथवर पोहोचल्या, बाळाचे वजन करायला आणि नाळेतले थोडे रक्त घ्यायला.

(पुढील आठवड्यात : बाजारात आलेले औषध मागे घेतले जाते तेव्हा)